पॅसेजमध्ये तुटणारा आवाज

माझी धाकटी जाऊ जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होती. जगाची बोलणी तिने जोडून दिली, पण घरातल्या बाप-लेकीपुढे तिने हात टेकले. लेकीने बापाच्या मनाविरुद्ध लग्न केले आणि परदेशी गेली. माझे दीर पक्के हट्टी; तिच्याशी बोलणे टाकले ते टाकलेच. मात्र संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला की चष्मा शोधण्याच्या मिषाने पॅसेजमध्ये येऊन उभे राहायचे. राउटर आतल्या खोलीत, जाऊ हॉलमध्ये आणि मध्ये हा आडदांड देह. आवाज तुटायचा.

"अहो, बाजूला व्हा! नेट अडतंय तुमच्यामुळे!" जाऊ ओरडायची.

दीर गेले. आवाज तुटायचा काही थांबला नाही. दिवसभर नेट ठणठणीत. लेकीचा कॉल आला की मोबाइलवरच्या रेघा उतरल्याच.

परवा लेक वैतागली. "आई, रोज नुसतं हॅलो-हॅलो! असंच चालणार असेल तर मी फोन करणं बंद करते."

जाऊने हाय खाल्ली. तिचा सगळा दिवस त्या कॉलच्या वाटेकडे लागलेला असतो.

मी तडक गेले. राउटर बंद करून चालू केला, वायर बदलली, मायक्रोवेव्हचा प्लग उपटला. कॉल आला, आणि जेमतेम एक रेघ उरली. जाऊ रिकाम्या पॅसेजकडे बघून म्हणाली, "अहो, सरका जरा." रेघा भरल्या.

"योगायोग," मी म्हटले.

"रोजच्या रोज, वहिनी?"

मला असले चाळे खपत नाहीत. दुसऱ्या दिवशी लांब वायर आणून राउटर थेट तिच्या शेजारी ठेवला. आता अडवा म्हणावे!

कॉल लागला. चित्र लख्ख.

"आई, आज काय जादू केलीस?" लेक हरखली.

जाऊने मोबाइल पॅसेजकडे वळवला. "बाबा तिथे उभे आहेत. आज त्यांना सगळं नीट ऐकू जातंय. एक शब्द बोल गं."

पलीकडे शांतता. मी रेघा पाहिल्या. पूर्ण होत्या. म्हणजे ही शांतता नेटची नव्हती.

"बाबा, बसा ना," लेक अगदी हळू म्हणाली. "पाय दुखतील."

तिने आईचे मन राखले की तिला काही दिसले, हे विचारायचा मला धीर झाला नाही. "उद्या करते," म्हणून तिने फोन ठेवला. जाऊ डोळे पुसत राहिली.

बाहेरचे दार पॅसेजच्या टोकाला. मी भिंतीला लागून, अंग चोरून गेले आणि कोणी नव्हते तिथे "येते हं" म्हणून मोकळी झाले.