ट्रॅफिकच्या वारी माझा पुकारा

वकिलांकडे फायली साचतात, कोर्टाच्या कारकुनांकडे, म्हणजे भाऊसाहेबांकडे, कागद साचतात आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडे किस्से साचतात. फायली जुन्या झाल्या की रेकॉर्ड रूमला जातात. किस्से कुठे पाठवायचे? म्हणून घरी जो येईल त्याला मी सांगत बसते.

मी कोर्टाची शिपाई. आधी काही वर्षं रोह्याला होते, आता पेणला. माझं मुख्य काम पुकारा. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, ज्याची केस, त्याचं नाव दारात उभं राहून तीनदा ओरडायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही तर गैरहजेरी लागते आणि वॉरंट निघू शकतं. म्हणजे वऱ्हांड्यात बसलेल्या माणसाला माझा आवाज पोचला नाही तर त्याच्या घरी पोलीस. माझ्या चौदा वर्षांत असं एकदाही झालेलं नाही, आणि हे मी छाती पुढे काढून सांगते. माझा बाप मिठागरावर होता. या बांधावरून त्या बांधावर जेवायला हाक मारायची तर माइक कुठून आणणार? आवाज तिथेच तयार झाला.

ट्रॅफिकच्या केसेसचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी वऱ्हांड्यात पाय ठेवायला जागा नसते.

*

एकदा मी असंच एक नाव पुकारलं. रस्त्यापलीकडच्या टपरीवरून एक जण अर्धा चहा टाकून धावत आला आणि थेट आरोपीच्या पिंजऱ्याजवळ उभा राहिला.

आमच्या न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "विनाहेल्मेट गाडी चालवलीत. गुन्हा कबूल?"

"कबूल हाय."

"गाडीचा नंबर हाच ना?"

"माझ्याकडं गाडीच नाय."

चौकशी केली तर हा गडब गावचा, त्याच नावाचा दुसराच माणूस. सातबारा काढायला पेणला आला होता. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "अहो, मग कबूल कशाला केलंत?"

"परवा मेव्हण्याच्या गाडीवरनं बिनहेल्मेटचा गेलो व्हतो. आज नाव ऐकलं तवा वाटलं, तुमच्यापर्यंत पोचलं."

खरा आरोपी मागे उभा राहून हे सगळं ऐकत होता. त्याने पुढे येऊन एका शब्दात कबूल केलं. मला वाटतं त्याला लाज वाटली असावी.

*

गणपतीच्या आधीचा महिना म्हणजे पेणच्या रस्त्यावर माणसं कमी आणि मूर्ती जास्त. एका टेम्पोवाल्यावर केस होती, माल गाडीच्या बाहेर आल्याची. हवालदारांनी फोटोही जोडला होता.

टेम्पोवाला म्हणाला, "मॅडम, मूर्ती पूर्ण आत व्हती. फक्त एक हात बाहेर व्हता."

"हात बाहेर म्हणजे माल बाहेरच झाला."

"पण तो आशीर्वादाचा हाय. तो आत कसा घेनार?"

सगळं कोर्ट हसलं. मॅडम हसल्या नाहीत, फोटो मात्र दोन मिनिटं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आशीर्वाद मिळाला. आता दंड भरा."

त्याने भरला, आणि जाताना आम्हा सगळ्यांना मूर्तींचा कारखाना बघायला या म्हणून बोलावून गेला. आमच्या कोर्टातून दंड भरून जाणारी माणसंही आमंत्रण देऊन जातात, सांगा कुठे असं होतं?

*

रोह्याचा किस्सा. काही जणांना दंडाबरोबर कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा होते. म्हणजे दिवसभर कोर्टातच बसायचं, संध्याकाळी कामकाज संपलं की मोकळे. एका वायरमनला ती झाली होती. मे महिना, आणि डोक्यावरचा पंखा कुरकुरत एकदम बंद पडला.

जेवणाच्या सुट्टीत मी पाणी भरून आले तर हा गडी टेबलावर स्टूल ठेवून वर चढलेला, खिशातला टेस्टर तोंडात. तेवढ्यात तिथले न्यायाधीश साहेब आत आले.

"उतरा खाली! तुम्हाला साधी शिक्षा दिलीय, सक्तमजुरी नाही."

वायरमन वरूनच म्हणाला, "साहेब, पाच वाजेपर्यंत मलाच बसायचं हाय हितं."

साहेब परत चेंबरमध्ये गेले आणि पंखा सुरू झाल्यावरच आले. मी बदली होऊन निघाले तोपर्यंत तो पंखा व्यवस्थित चालू होता.

*

एक खाडीकाठची कोळीण. स्कूटीवर ट्रिपल सीट, पुढे पाटीत मासे. मॅडमनी विचारलं, "तिघी बसलात हे कबूल?"

"कबूल. पन तिसरी कोन ते कागदावर लिवलंय का?"

"कोण होती?"

"माझी सासू. आमी दोघी जावा निघालो तर ही मागून येऊन बसली. हवालदार बोलला एकीला उतरवा. मी बोलले, बाबा, तूच उतरव. त्यानं दोनदा बघितलं तिच्याकडं आणि गपचूप पावती फाडली."

सासू मागच्या बाकावर बसलेली होती. मॅडमनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुढची केस घेतली.

*

आणि एक पांढऱ्या शर्टातले पुढारी. काळ्या काचांच्या गाडीची केस. आल्या आल्या मला म्हणाले, "माझं नाव आधी घे. मीटिंग आहे."

मी म्हटलं, "बोर्डाप्रमाणे घेईन."

"मला ओळखत नाहीस?"

"ओळखते ना. एकतीस नंबर."

सव्वातीनला त्यांचा नंबर आला. तोपर्यंत बाकावर बसले बिचारे, गाडीत जाऊन बसावं तर तीही लांब लावली होती. जाताना म्हणाले, "तुझा आवाज सभेला पाहिजे." मी म्हटलं, हा आवाज सरकारी आहे.

*

आता शेवटचा सांगते.

आमचे हे मिनीडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा, चालवतात, पेण ते नागोठणे. एका सकाळी आमचे जोशी भाऊसाहेब बोर्ड घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, चौदा नंबर मी पुकारतो. तुम्ही तेवढ्यात पाणी पिऊन या."

बघते तर चौदा नंबर यांचा. गाडीत जादा माणसं भरल्याची केस. घरी एक अक्षर बोलले नव्हते. शब्द टाक असंही म्हणाले नाहीत, हे मात्र त्यांना शोभून दिसलं.

भाऊसाहेब का म्हणाले ते मला कळलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्या सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. मी कोर्टात नोकरी करणारी बाई, मला हे पटतं का? नाही पटत. पण भीती वाटते, ती वाटतेच. शाळेत, रेशनच्या दुकानात कोणी विचारलं तर मी कार्ड पुढे करते.

पण पुकारा माझा. आज घरच्या माणसासाठी बाजूला झाले तर उद्या पेणभर होईल, शिपाईबाईने आपल्या नवऱ्याचं वेगळं केलं. आणि भाऊसाहेबांचा आवाज तर वऱ्हांड्याच्या खांबापर्यंतही पोचत नाही. यांची गैरहजेरी लागली, वॉरंट निघालं, लायसन्सला काही झालं तर ऐन सीझनला गाडी दारात.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, पाणी नंतर पिते."

तेरा नंबर संपला. मी दारात गेले. हे समोरच्याच बाकावर बसले होते, दहा पावलांवर. मनात देवाला हात जोडले आणि पुकारलं, "जनार्दन हाशा म्हात्रे, हाजिर हो..."

आमच्या गावच्या दोन बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. हे हलले नाहीत.

दुसऱ्यांदा पुकारलं. यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि तसेच बसून राहिले. काय झालं या माणसाला? एकच पुकारा राहिला होता.

तिसऱ्यांदा मी बापाला मिठागरावर हाक मारायचे तशी मारली. स्टँडवरची माणसंसुद्धा वळली म्हणतात. तेव्हा कुठे हे उठले, खाकी शर्ट नीट केला, माझ्या बाजूने आत गेले आणि हात जोडून उभे राहिले.

मॅडमनी विचारलं, "दारासमोरच बसला होतात ना? पहिला पुकारा ऐकू नाही आला?"

"आला मॅडम. बावीस वर्षांत पहिल्यांदा आला. म्हटलं, अजून दोनदा ऐकू."