दव आणि गुळगुळीत टायर

रत्नागिरीहून निघालेली आमची एसटी साखरप्याला चहासाठी थांबली, तेव्हा एक जण रस्त्यावर उकिडवा बसून डांबरावर तळवा टेकवत होता. आंबापोळी वाळली का हे बघावं, तसा. शेजारी त्याची बुटकी लाल स्पोर्ट्स कार उभी होती. टायर शर्यतीच्या ट्रॅकचे, जवळजवळ गुळगुळीत.

“या टायरांना दव चालत नाही,” तो म्हणाला. “घाट जरा सुकला की निघायचं.”

तो कोल्हापूरच्या ट्रॅकवर चालला होता. शर्यत नव्हती, दिवसभर हौसेने गाडी पळवायची होती. तेवढ्यात तशाच दोन गाड्या ट्रकवर पट्ट्यांनी बांधलेल्या पुढे गेल्या. त्याने ओळखीचा हात केला.

“तुम्ही का नाही नेत तशी?” मी विचारलं.

“एकदा नेली हो. मी केबिनमध्ये, ही मागे बांधलेली. अख्खा घाट मान वळवून हिच्याकडेच बघत होतो. पोचलो तर मान धरलेली. मग काय, दिवसभर दुसऱ्यानेच चालवली.”

त्याने पुन्हा तळवा टेकवला, पँटला पुसला आणि निघाला.

आंबा घाटात सावलीच्या वळणावर आम्ही त्याला गाठलं. वरातीतल्या गाडीसारखा सावकाश चालला होता. हात बाहेर काढून त्याने एसटीला पुढे जायची खूण केली आणि खिडक्यांतून हसणाऱ्या आम्हा सगळ्यांकडे बघून स्वतःही मनापासून हसला.

तो दिसेनासा होईपर्यंत मी मागे बघत राहिलो. कोल्हापूरला उतरलो तेव्हा माझीच मान धरली होती.