मेलेला नवरा आणि सोललेलं संत्रं

माझी नात जपानी कादंबऱ्या वाचते, त्याही इंग्रजीतून. जन्म इथला, कुवेतचा. मराठी सगळं कळतं, पण उत्तरात इंग्रजी घुसतंच. दुपारी मी भाजी निवडते आणि ती मला गोष्ट सांगते, अर्धी तिच्या भाषेत, अर्धी माझ्या. तीन पुस्तकं ऐकून झाली. तिन्हींत मेलेली माणसं स्वप्नात येतात. येऊन करतात काय? काही नाही! एक बुडालेला भाऊ रोज येऊन कपडे वाळत घालतो. आताच्या पुस्तकातला नवरा स्वयंपाकघरात बसून संत्रं सोलतो आणि बायको नुसती बघत राहते. दोनशे पानं!

"अगं, विचार ना त्याला, तुझं काय राहिलंय म्हणून!" मी कडाडलेच.

"आजी, दॅट्स द पॉइंट. विचारायचं नसतं."

"कोण म्हणतं? न विचारता तो जायचा कसा?"

मला चीड यायला कारण होतं. गेल्या वर्षी वारलेले आमचे हेसुद्धा महिनाभर असेच माझ्या स्वप्नात येत होते. स्टुलावर बसायचे, गप्प. वीस वर्षं हा माणूस इथे अम्गऱ्याच्या लाकूडवखारींत सुतारकाम करत एकटा राहिला, मी गावी. पत्रात ठरलेली ओळ: इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी. काम सोडून ते गावी परतले, तर नातीच्या जन्माला म्हणून मी इकडे आले ती राहिलेच. ते तिकडे वारले तेव्हा मी पोचले तिसऱ्या दिवशी. रागावले असतील का? मला तेवढंच कळायला हवं होतं.

म्हणून गॅलरीत पान वाढून ठेवलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं. कावळा शिवला की समजलं. पण कावळा कुठला? कबुतरं तुटून पडली. खालून इमारतीचा रखवालदार धावत आला.

"अम्मा, कबूतर को खाना नहीं देने का!"

"मेरे आदमी का है."

त्याने कबुतरांकडे नीट पाहिलं. "कौनसा वाला?"

कपाळ माझं! मी पान उचललं.

त्याच दुपारी डोळा लागला आणि हे आले. स्टूल, गुडघ्यावर भुसा. या खेपेला मी सोडलं नाही. म्हटलं, "वेळेवर आले नाही म्हणून रागावलात का? स्पष्ट सांगा."

त्यांनी भुसा झटकला. "इकडे सर्व खुशाल. काळजी नसावी." उठले आणि चालते झाले.

मी ओरडतच उठले. नात धावत आली. सगळं ऐकून म्हणाली, "आजी, बेस्ट एंडिंग! म्हणजे ते रागावले नाहीत."

"डोंबलाचं एंडिंग! रंध्याने बोट कापलं होतं ना त्यांचं, तेव्हाच्या पत्रातसुद्धा हेच लिहिलं होतं."