गाठी आणि चार दात

माझ्या मुलीचे वरचे चार दात आले तेच मुळी खडूसारखे, पिवळट डाग घेऊन. ती दोन वर्षांची होईपर्यंत त्यांच्या कडा भिजल्या बिस्किटासारख्या तुटायला लागल्या. शेवगावात आमच्या गल्लीत प्रत्येकाकडे याचं कारण तयार होतं आणि प्रत्येक कारणात गुन्हेगार मीच. शाळेवर शिकवायला जाते ना, मग पोरीकडे बघणार कोण! चॉकलेटं देत असेल. दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवत असेल. सासूबाई मला थेट काही बोलायच्या नाहीत. आल्यागेल्याला मात्र पोरीचा ओठ वर करून दाखवायच्या. "बघा की, एवढ्याशा जिवाचे दात किडले." माझं डोकंच फिरायचं.

बाटली आमच्या घरात कधी आलीच नव्हती. सुरुवातीला मी हे सगळ्यांना सांगायचे. पुढे सांगणं सोडलं.

शेवटी नगरला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी टॉर्च मारून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दिवस पूर्ण भरले होते का?"

नव्हते. सातव्या महिन्यातच झाली होती.

"मग हे किडणं नाही. दातावरचं कवच, इनॅमल, बाळ पोटात असतानाच तयार व्हायला लागतं. ही लवकर आली, ते काम अर्धवट राहिलं. तुमचं काही चुकलेलं नाही."

शेवटचं वाक्य ऐकून मला तिथंच, खुर्चीत, रडू कोसळलं. बाई सवयीनं थांबल्या आणि मग पुढचं बोलल्या. कच्च्या दातांवर औषधाचा लेप लावला. गोड, चिकट, कडक काहीही द्यायचं नाही. पाडवा झाला की परत दाखवायचं. तोवर टिकले तर वाचवू, तुटत गेले तर चारही काढावे लागतील. नवे यायला सातवं-आठवं वर्ष उजाडणार. एवढी वर्षं पोरगी पुढच्या दातांशिवाय! मी घरात जाहीर करून टाकलं, हिच्या तोंडात साखरेचा कण गेला तर माझ्याशी गाठ आहे.

तशी खाण्यापिण्यात ती आधीपासूनच विचित्र. दिसेल त्यावर फुंकर मारायची. गरम वरणभाताचं ठीक आहे, पण ही माठातल्या पाण्यावर मारायची, ताकावर मारायची, चिकूच्या फोडीवरसुद्धा. गाल फुगवून फू करायचं आणि मग हळूच जीभ लावायची. आम्ही पोट धरून हसायचो. पाहुणे आले की सासूबाई मुद्दाम तिच्यापुढे ताकाची वाटी ठेवायच्या.

पाडव्याला दुपारी कर्जतहून माझा थोरला भाऊ आला. मामानं भाचीला साखरेची गाठी घालायची, ही आमच्याकडची रीत. दादानं आणलेली गाठी चांगली पोरीच्या गुडघ्यापर्यंत लोंबणारी, पांढऱ्या-गुलाबी पदकांची. उन्हातान्हात मोटरसायकलवर, तुटू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून आणलेली. जेवायला बसता बसता त्यानं ती तिच्या गळ्यात घातली आणि मी काढली.

"अगं, गळ्यातली गाठी काढतीस व्हय?"

"दादा, डॉक्टरांनी नको सांगितलंय. दात कच्चे आहेत तिचे."

"आमी न्हाई का खाल्ल्या गाठ्या? आमचं दात पडलं का?"

"तुझे दात नऊ महिन्यांचे आहेत," मी म्हटलं.

"लई शिकलीस बाई तू," एवढंच बोलून तो ताटावरून उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. सासूबाईंनी माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला. पोरीनं भोकाड पसरलं. मला दादाचं वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, पण मी गाठी फडताळात वर टाकली आणि भांडी घासायला घेतली.

थोड्या वेळानं रडणं थांबलं. जरा जास्तच शांत वाटलं म्हणून मी दारात येऊन बघितलं. फडताळ उघडं होतं. ओट्यावर पोरगी दादाच्या मांडीला टेकून उभी होती आणि तिच्या हातात गाठीचं एक गुलाबी पदक होतं. मी ओरडणारच होते.

तिनं पदकावर फू केलं. जीभ लावली, मग पुढचे दात टेकवले. तिचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला, डोळ्यांत पाणी आलं. रडली मात्र नाही. पदक तिनं दादापुढे धरलं.

"मामा, फू."

दादानं हसत फुंकर मारली. तिनं पुन्हा दात लावला, पुन्हा तसाच चेहरा. पुन्हा पदक त्याच्यापुढे.

"फू."

दादाचं हसू थांबलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. "हिला दुखतंय का गं?"

मला ताकाची वाटी आठवली, माठातलं पाणी, चिकू, आणि आमचं सगळ्यांचं हसणं. ती पदक धरून तशीच उभी होती, मामाच्या फुंकरीनं ते निवायची वाट बघत.