राब केलेली जमीन

घरून फोन आला की धिंदळेकाका उभे राहत. जेवत असले तरी ताट बाजूला सारून, सदऱ्याचं वरचं बटण लावून, मगच "बोला." सिंगापूरच्या आमच्या डॉर्मिटरीत त्याची टिंगल व्हायची. "काका, काकूच आहे, जनरलसाहेब नाही," असं कुणी म्हटलं की ते म्हणत, "वाईट बातमी बसून ऐकली तर मानसाला उठवत न्हाई रं."

वाईट बातमीची त्यांना कायम धास्ती, आणि ती जमिनीची. काका अकोले तालुक्यातल्या डोंगरातले आदिवासी, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. कित्येक वर्षं कचेरीत खेटे घातल्यावर माजी सैनिक म्हणून सरकारने त्यांना डोंगरउताराचा एक तुकडा दिला. अट अशी, की जमीन स्वतः कसायची. पडीक ठेवली तर सरकारजमा. पण त्या दगडधोंड्यांत कसणार काय? उतारावर बांधाच्या ताली घालायला, माती आणायला पैसा हवा, म्हणून या वयात ते बुओना व्हिस्टाच्या इमारतींवर परांची बांधायला आलेले. जमीन राखायची म्हणून जमिनीपासून इतकं लांब.

मी नववीत शाळा सोडलेला. पहिल्याच दिवशी परांचीवर मला हातातला पाइप सोडवेना. सुपरवायझर खालून ओरडत होता. काका शेजारी येऊन बसले. "खाली बघू नको म्हनत्यात ना? तू बघ. नीट बघून घे. न बघितल्याचीच भीती जास्ती." माझं बघून होईपर्यंत त्यांनी माझा पट्टा धरून ठेवला. ते नसते तर मला त्याच आठवड्यात परत पाठवलं असतं, आणि घरी तोंड दाखवायला जागा नव्हती.

एका रविवारी आम्ही ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी बसलो होतो. ही सगळी जमीन समुद्रात भर घालून केलीय, असं मी सांगितलं. काकांनी चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली. "इथलं सरकार पान्यातून जमीन काढतं. आपलं दिल्याली काढून घेतं." तेवढ्यात फोन वाजला. काका उठले.

हिराकाकू होती. शेजारगावच्या एका पैसेवाल्याचा त्या तुकड्यावर डोळा. मालक परदेशात, जमीन पडीक, असा त्याने अर्ज केलेला. पाहणीला कचेरीतला नवा माणूस आला तो ऐन वैशाखात. काकूने नुकताच राब केला होता. पावसाआधी पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं आणि त्या राखेच्या जागी नाचणीचं रोप टाकायचं, ही त्यांच्याकडची रीत. त्या माणसाला नुसती काळी जमीन दिसली. त्याने लिहिलं, 'पडीक, जाळलेली.' आता प्रांतसाहेबांपुढे तारीख होती.

"वकील द्या काका. कंत्राट मोडून गेलात तर कंपनी परत घेणार नाही."

"हद्दीवर वकील धाडला हुता का मी?"

चांगी विमानतळावर मी सोडायला गेलो. "तुम्ही कुठे होता असं विचारलं तर?"

"हुतो तिथंच सांगीन."

"मग जाईल ना जमीन."

त्यांनी माझी कॉलर सारखी केली आणि आत गेले.

मग फोनच नाही. परांचीवर चढता-उतरता मी खिसा चाचपत राहायचो. रात्री डोळा लागायचा नाही. शेवटी मीच लावला.

"साहेबानं इचारलं, जमीन कोन कसतं? म्हनलं, मी न्हाई, ही कसती. भावकीनं कपाळाला हात लावला."

"मग?"

"साहेब म्हनला, घरच्या मानसानं कसली म्हंजी तुम्हीच कसली, कायदाच हाय तसा. सोता बघाय आला. तवर रोप वर आलं हुतं. ऱ्हायली बाबा जमीन."

माझा जीव भांड्यात पडला. "आता परत कधी येताय? मी सुपरवायझरशी बोलून बघतो." पलीकडे काकू कुणावर तरी ओरडत होती.

"माझ्यावरच वरडती. लावनीला आळस करतो म्हनं." ते हसले. "तालीपुरता पैसा जमलाय. आता यायचं कशापायी, पोरा?"

ती जमीन राहावी म्हणून मी रोज देवाला हात जोडले होते. ती राहिली म्हणजे काका इथे येणार नाहीत, हे डोक्यातच आलं नव्हतं.

"बरोबर आहे काका," मी म्हणालो.

"ठेव आता. जमिनीत वाफसा हाय तवर लावनी उरकायचीय."

मला ठेववेना. त्यांनीच ठेवला.