दोन मिनिटांची खाच

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. त्याच्यासमोर दोनदा तोंड उघडलं आणि आमटीत मीठ जास्त झालंय का, एवढंच विचारलं. तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय — बघू.

मेकॅनिकलची एम. ई. मी पालघरच्या एका कॉलेजात केली. नांदेडकडची मुलगी इतक्या लांब का आली? जागा रिकामी होती म्हणून. वर्गच रिकामा होता म्हणा ना! आम्ही तिघं, त्यातले दोघं कारखान्यात नोकरीला, सहीपुरते उगवायचे. बोईसरला मी भाड्याच्या खोलीत राहायचे. शेजारचे कामगार शिफ्टला जायचे, यायचे, आपसात हिंदीत भांडायचे. काही दिवस तर असे जायचे, की माझा आवाज फक्त रिक्षावाल्याने ऐकलेला असायचा. मी रडगाणं गात नाहीये. पण हिरामावशी माझी कोण होती, ते आधी कळायला हवं.

प्रबंधासाठी मी मासळी वाळवायचा सोलर ड्रायर बनवला होता. काचेच्या छपराची मोठी पेटी, बाजूला दार, मागे चिमणी आणि चिमणीत हवा कमी-जास्त करायची झडप, शिवाय आत तापमानाची सतत नोंद ठेवणारं यंत्र. तो ठेवायला बोईसरजवळच्या समुद्रकाठच्या नवापूरला हिरामावशीने जागा दिली, तिच्या वलांडीशेजारी. तिथे बांबूंना बांधलेल्या दोरांवर तिचे बोंबील वाऱ्यात वाळायचे. साठीची, एकटीच बाई. मी गेले की पहिला प्रश्न, "जेवलीस काय, बाय?" आणि उत्तराची वाट न बघता ताट. मासे खायला मी तिच्याकडेच शिकले. पेटीकडे बघून ती हसायची. "बोंबलाला वारा पायजे, बाय. तू त्याला उकडाया बसवलंस." गावात तिच्या हाताला मान होता. ज्यांना उन्हात उभं राहणं होत नसे, अशा बायका आपली मासळी वाळवायला तिच्याकडे सोपवायच्या.

इथपर्यंत सोपं आहे. पुढचं —

आमचे सर म्हणाले होते, तापमान साठच्या वर गेलं तर पेपर छापून येईल. झडप बंद कर, असं काही ते म्हणाले नव्हते. ती मी बंद केली, जवळजवळ पूर्ण; त्याने उष्णता आत कोंडते, पण ओलही कोंडते. त्या दिवशी पेटीत मावशीच्या बोंबलांसोबत शेजारच्या दोघींचेही होते. तो माझाच हट्ट. फोटोत पेटी भरलेली दिसायला हवी होती. तसंच सोडून मी सेमिनारसाठी पालघरला निघून गेले.

ग्राफ सुरेख आला. मासळी वरून कडक झाली आणि आतून सडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले, तर वास गल्लीपर्यंत आलेला. बायका पेटीभोवती उभ्या. मी आधी मागे गेले आणि गुपचूप झडप उघडली. हे मी घाबरून केलं का? कुणी बघत नाही, हे तर आधी नीट पाहून घेतलं होतं. मग लॅपटॉप उघडला. दिवसभराच्या तापमानाची रेघ वर चढलेली होती, फक्त दुपारी एका जागी दोन मिनिटांची बारीकशी खाच.

"मधे दार कुणी उघडलं होतं?" मी विचारलं.

"मीच उगडलं. जरासा. वास बगाया," हिरामावशी म्हणाली.

मी स्क्रीन सगळ्यांकडे वळवली. खाचेवर बोट ठेवलं. "हे बघा. म्हणून बिघडलं."

दोन मिनिटांत काही बिघडत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. उलट ते दार तिने तासभर उघडं ठेवलं असतं, तर मासळी कदाचित वाचली असती.

"मशीनमदी दिसतंय ना, हिरा," एकजण म्हणाली. कुणी भांडलं नाही. दोघी टोपल्या उचलून निघून गेल्या. त्यानंतर कुणीच तिच्याकडे मासळी वाळवायला दिली नाही.

तो ग्राफ माझ्या प्रबंधात आहे. खाचेकडे बाण काढून मी लिहिलंय — 'वापरकर्त्याची चूक'. परीक्षकांनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मार्क चांगले पडले.

त्या सगळ्या मुलखात माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, आणि मी नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं. का? ती माझ्यावर उलटणार नाही, याची मला खात्री होती. म्हणूनच.

आता मी बोईसरलाच एका कारखान्यात नोकरी करते. नवापूर रिक्षाने अर्ध्या तासावर. गेल्या महिन्यात हिरामावशी बाजारात दिसली, एकाच टोपलीपाशी बसलेली. मी रस्ता बदलला.

एक सांगायचं राहिलं. पेटी परत न्यायला गेले, त्या दिवशी तिने मला वलांडीवरचे बोंबील कागदात बांधून दिले. माझा हात धरला. "माझ्यानं तुजा अब्यास बिगडला, बाय. मनात ठेवू नको."

मी पुडी पिशवीत टाकली. "जाऊ द्या, मावशी," मी म्हणाले. "होतं असं कधी कधी."

मी तिला माफ केलं.