अडकलेला घास

मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सगळ्या काकूच म्हणत. एकदा बटाटा शिजला का ते बघायला काकूंनी एक फोड तोंडात टाकली. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि ओ द्यायच्या नादात ती फोड घशात अडकली. श्वास येईना, आवाज फुटेना. भांडी घासणाऱ्या बाईने मागून विळखा घालून पोट जोरात दाबलं, तेव्हा कुठे फोड बाहेर पडली.

जीव वाचला, पण घास तोंडात गेला की घशाला कुलूप लागू लागलं. छाती धडधडायची, हातापायांना कापरं भरायचं आणि घास गुपचूप रुमालात जायचा. आधी पाव सुटला, मग भात, मग भाज्या. उरलं दूध आणि गाळलेलं सूप. तेही नवरा घरात असेल तरच. एकटीला ठसका लागला तर?

"अगं, दुसऱ्यांना पोटभर वाढतेस आणि स्वतः काडी झालीस," नवरा म्हणायचा.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. घसा ठणठणीत होता. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, तेव्हा काकूंच्या काळजात धस्स झालं.

"म्हणजे मला वेड लागलंय?"

"वेड नाही, भीती," मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिवावर बेतलं होतं ना, म्हणून शरीर अजून पहारा देतंय. घास टाळला की तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं वाटतं, पण भीती आणखी सोकावते. आपण थोडं थोडं खाऊ. भीती वाटली तरी ती ओसरेपर्यंत उठायचं नाही."

कुस्करलेलं केळं जमलं. दुधात भिजवलेलं बिस्किटही रडतखडत उतरलं. मग कोरड्या पावाची पाळी आली. चावून लगदा झाला तरी काकूंना गिळवेना. मानेवरून घामाची धार लागली, डोळ्यांपुढे अंधारलं. हात पेल्याकडे गेला.

"पाणी नको. थांबा."

"गुदमरतेय मी."

"बोलताय ना? मग श्वास चालू आहे."

काकूंनी टेबलाची कड घट्ट धरली, डोळे मिटले आणि गिळलं. घास गेला. डॉक्टरीणबाईंनी लगेच दुसरा तुकडा पुढे केला, तसं काकूंना रडू कोसळलं. तरी त्यांनी तो घेतला.

पुढे एकदा घरी साधा ठसका लागला आणि काकू पुन्हा दुधावर आल्या. सगळं पाण्यात गेलं असं त्यांना वाटलं. "असं होतंच," म्हणून डॉक्टरीणबाईंनी परत केळ्यापासून सुरुवात केली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी काकू नवऱ्यासोबत भात खायला बसल्या. पहिला घास हातातच राहिला.

"माझ्या हातचं असतं तर घाबरणं समजू शकलो असतो," नवरा म्हणाला. "हा तर तूच शिजवलायस."

काकूंना हसू आलं, तरी छातीतली धडधड थांबली नाही. त्यांनी घास चावला, गिळला, वाट पाहिली. पुढचा घेतला.

"अजून वाटते भीती?"

"वाटते की," काकू म्हणाल्या. "वाढा थोडा भात."